बॅटिंग न मिळालेल्यांच्या वतीने : ठाणे-नवी मुंबईच्या हौशी कर्णधारांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत रविवारी खेळणाऱ्या सगळ्या हौशी क्लबांचे कर्णधार आणि त्यांच्या वतीने मॅच ठरवणारी मंडळी,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात, पण नावाने नाही. ऐरोलीच्या आमच्या क्लबाच्या मॅचला बाउंड्रीबाहेर टेबलाला छत्री बांधून स्कोअर लिहीत बसणाऱ्या काकू, त्या मी. "काकू, पुढच्या रविवारची मॅच देता का?" असा फोन येतो तोही मलाच. आमच्या क्लबात कुणाला फोनाफोनीचा कंटाळा, कुणाला हिशेबाचा. त्यामुळे मॅच ठरवणं, मैदानाचे पैसे भरणं आणि चोपडी लिहिणं ही तिन्ही कामं हळूहळू माझ्या पदरात पडली. जन्म ऑफिसात लेजर लिहिण्यात गेला, त्यामुळे मला ती जड वाटत नाहीत. मी स्वतः कधी बॅट हातात धरलेली नाही. तेव्हा कव्हर ड्राइव्ह कसा मारावा हे मी तुम्हाला शिकवणार नाही. चोपडीत काय दिसतं, तेवढंच सांगणार आहे.

2025-26 चा मोसम संपला. मॅटिंग झटकून, उन्हात वाळवून, गुंडाळून ठेवलं. स्टंप मोजून झाले. एक बेल हरवली आहे, दरवर्षी हरवते. मग नेहमीप्रमाणे बेरजा करायला बसले. पोरांना धावा, विकेट, झेल हेच आकडे हवे असतात आणि ते मी त्यांना देते. माझी नजर मात्र दुसरीकडेच जाते. बॅटिंगच्या पानावर ज्याच्या नावापुढे "बॅटिंग नाही" लिहिलंय आणि बोलिंगच्या पानावर ज्याचं नावच नाही, असा माणूस शोधायची मला सवय आहे. तो त्या रविवारी पहाटे उठला, किट उचलली, मॅच फी भरली आणि तीन-चार तास बाउंड्रीवर बॉल अडवून घरी गेला. पूर्वी अशी नावं एखाद्या मॅचला एखाद-दुसरं सापडायची. यंदा पानंच्या पानं सापडली, तुमच्या संघातही आणि आमच्याही. म्हणून हे पत्र.

जानेवारीतली एक मॅच सांगते. क्लबाचं नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ठाणे-बेलापूर रस्त्यापासून आत, एमआयडीसीच्या बाजूचं मैदान. पंचवीस ओव्हर, सातला टॉस, मैदान अकरापर्यंत आपलं. समोरचा संघ नव्या कोऱ्या जर्सीत आला, प्रत्येकाच्या पाठीवर नाव आणि नंबर. मला वाटलं, बरं झालं, आज नावं विचारत फिरायला नको. तर झालं उलटंच. पाठीवर "पाटील" लिहिलेला बॉलर माझ्या टेबलासमोर फील्डिंगला उभा होता. "पाटील, किती ओव्हर झाल्या तुमच्या?" म्हणून दोनदा हाक मारली, तो वळलाच नाही. शेवटी त्यांच्याच एका मुलाने जवळ येऊन हळूच सांगितलं, "काकू, तो पाटील नाही. पाटील आज आलेलेच नाहीत." चार जण असे होते. बाहेरून आणलेले, मोठ्या स्पर्धांत खेळणारे, दुसऱ्याच्या जर्सीत घुसलेले.

त्यांतल्या दोघांनी ओपनिंग केली. पंचवीस ओव्हरांत 1 बाद 231. उरलेल्या दोघांनी नव्या बॉलने आमच्या पोरांना 58 मध्ये गुंडाळलं. घड्याळात दहाही वाजले नव्हते आणि मॅच संपली. मैदान अजून तासभर आपलं होतं, पण खेळायला मॅचच उरली नव्हती. त्यांचा नवव्या नंबरचा मुलगा पाणी प्यायला माझ्या टेबलाशी आला. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून, ठाण्याला ट्रान्स-हार्बरवर बदलून आला होता. चोपडीत डोकावून म्हणाला, "काकू, माझं नाव लिहिलंय ना?" लिहिलं होतं. त्याने बोटाने ती ओळ शेवटपर्यंत चाचपली आणि काही न बोलता पॅड न काढता... पॅड कसले, त्याने ते बांधलेच नव्हते. किटबॅग न उघडताच उचलून गेला.

आता मला सांगा, त्या दिवशी नेमकं जिंकलं कोण? पॉइंट टेबल नाही, कप नाही, बक्षिसाचं पाकीट नाही. चार पाहुण्यांना आदल्या दिवशी दुसरीकडे मॅच असेल, परवा तिसरीकडे. त्यांना तुमच्या क्लबाचं नाव तरी लक्षात असेल का, शंकाच आहे. आणि ज्यांच्या वर्गणीवर तुमचा क्लब चालतो, ते सात जण त्या दिवशी बॉलबॉय होते.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते, मग हवं तर पत्र बाजूला ठेवा. फ्रेंडलीत मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत जिवंत राहावी आणि आलेल्या प्रत्येकाला बॅट नाहीतर बॉल मिळावा, हे दोन्ही कर्णधारांचं मिळून काम आहे. लीगमध्ये तुम्ही एकमेकांचे विरोधक असता. फ्रेंडलीत तुम्ही दोघं मिळून बावीस-चोवीस माणसांचा रविवार चालवत असता. एकाने आपला अर्धा भाग सोडून दिला की दुसऱ्याचाही रविवार बुडतो.

लगेच कुणीतरी म्हणणार, काकू, जिंकायचंच नाही तर खेळायचं कशाला? जिंका की. मी कुठे हरा म्हणतेय? आणि कुणी म्हणेल, पुढच्या महिन्यात आमची कॉर्पोरेट टुर्नामेंट आहे, मेन बॅट्समनना प्रॅक्टिस हवी. मग नेट लावा. नेटमध्ये दोन तास एकच माणूस खेळला तरी कुणाचं काही बिघडत नाही. समोर अकरा माणसं उन्हात उभी करून, त्यांच्याकडून मैदानाचे अर्धे पैसे घेऊन प्रॅक्टिस करायची, हे मला पटत नाही.

1988 साली आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात तेंडुलकर-कांबळीने 664 धावांची नाबाद भागीदारी केली, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349, त्यांची शाळा शारदाश्रम 2 बाद 748. त्या दोघांचं कौतुक आहेच. पण मी पडले स्कोअर लिहिणारी, मला ती गोष्ट ऐकली की पाचव्या नंबरचा पोरगा आठवतो. त्याने पॅड बांधून किती तास काढले असतील? आणि सहावा, सातवा? असो, ते शील्ड होतं, शाळेची इज्जत पणाला होती, तिथे ते चालतं. आपल्या रबाळ्याच्या नाहीतर कोपरीच्या मैदानावर रविवारी सकाळी असली भागीदारी करण्यात काय हशील आहे?

आता दुसरी मॅच ऐका. फेब्रुवारीतली, कळव्याच्या बाजूच्या एका क्लबाबरोबरची. त्यांचा कर्णधार पन्नाशी उलटलेला, कानाशी केस पिकलेले, बोलणं एकदम मोजकं. त्यांनी 178 केल्या आणि त्यांचे आठ जण बॅटिंग करून गेले, कारण पस्तीस झाले की रिटायर असं त्यांनी टॉसच्या वेळीच सांगितलं होतं. आमची सुरुवात नेहमीसारखी. आठव्या ओव्हरला 6 बाद 41. आमच्या पोरांनी किट आवरायलाही घेतली. त्यांच्या दोन फास्ट बॉलरच्या अजून ओव्हर शिल्लक होत्या. त्याच लयीत त्यांनी आणखी तीन ओव्हर टाकल्या असत्या तर साडेनऊला आम्ही सगळे वडापावच्या गाडीवर असतो.

या गृहस्थांनी दोघांनाही काढलं. एका बाजूने त्यांचा ऑफस्पिनर, तो दिवसभरात पहिल्यांदा बॉल हातात घेत होता. दुसऱ्या बाजूने शाळेत जाणारा एक लेगस्पिनर. पण फील्डिंग पांगवली नाही हं. उलट दोन माणसं आत आणली, स्लिप ठेवली, शॉर्ट लेगला स्वतः जाऊन उभे राहिले. पोराचे पहिले दोन बॉल वाइड, तिसरा फुलटॉस, चौकार. पुढचा काथ्याच्या मॅटवर असा फिरला की कीपरच्याही हाताला लागला नाही, चार बाय. आमच्या आठव्या नंबरवर येणाऱ्या माणसाचं औषधाचं दुकान आहे. तो रविवारी दुकान भावाच्या गळ्यात घालून येतो आणि बहुतेक वेळा दोन बॉलांत परत जातो. त्या दिवशी त्याच्या नावापुढे मी एकामागून एक आकडे लिहीत गेले, शेवटी रकाना पुरेना म्हणून खालच्या ओळीत शिरले. त्या लेगस्पिनरने तीन विकेट घेतल्या. शेवटच्या ओव्हरला आम्हाला सोळा हव्या होत्या, पाचच झाल्या. म्हणजे हरलोच. पण त्या शेवटच्या ओव्हरला दोन्ही संघांतला एकही माणूस खाली बसलेला नव्हता, आणि माझ्या टेबलाभोवती इतकी गर्दी की मला पिच दिसेना.

परतीची मॅच त्यांनी ठाण्यात घेतली आणि नंतर सगळ्यांना मामलेदारची मिसळ खायला नेलं. आमच्या ओपनरने तिखट मागवून फुशारकी मारली. नंतर तो बराच वेळ काही बोलला नाही.

या दोन मॅचमधला फरक दयेचा नाही, हे मुद्दाम सांगते, कारण काही कर्णधार ऐकून घेतात आणि मग भलतंच करतात. मॅच जिवंत ठेवायची म्हणून लोण्यासारखे बॉल टाकायचे, हातातले झेल सोडायचे, हे नको. चाळीशीच्या माणसाला कच्चा लिंबू केल्यासारखं वाटतं त्याला, आणि ते त्याला लगेच कळतं. कळव्याच्या गृहस्थांनी कुणावर उपकार केले नाहीत. आपल्या न खेळलेल्या माणसांना काम दिलं आणि त्यांच्यामागे फील्डिंग लावून मनापासून विकेट मागितली. समोरच्याला संधी मिळाली ती त्यातून.

आमच्याकडे यंदा एक मुलगी येऊ लागली, दहावीतली. 2 नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची फायनल झाली, तेव्हापासून. तोही रविवारच होता. दुपारच्या पावसाने तीनची मॅच पाचला सुरू झाली, भारताने 298 केल्या, दक्षिण आफ्रिकेला 246 मध्ये संपवलं आणि शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे पळत घेतला. आपल्या ऐरोलीपासून सहा स्टेशनांवर वर्ल्ड कप जिंकला गेल्यावर पोरींना खेळावंसं वाटणारच. तर ही पहिल्यांदा बॅटिंगला गेली आणि समोरच्या भल्या माणसांनी तिला अंडरआर्म टाकावेत तसे हळू बॉल टाकायला सुरुवात केली. तिने दोन नुसते अडवले. मग कीपरला म्हणाली, "काका, त्यांना नीट टाकायला सांगा ना." नीट टाकला. मधली दांडी उडाली. चोपडीत मी शून्य लिहिलं, आणि ते तिला चाललं. पुढच्या मॅचला ती पुन्हा हजर.

आता नियमांचं. "अकराच जण खेळतात, तेराव्याला कुठून बॅटिंग देऊ?" ही तक्रार मी बारा महिने ऐकते. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या नियमपुस्तकातला अगदी पहिला नियम काढून वाचा. दोन्ही बाजूंची संमती असेल तर संघात अकरापेक्षा कमी किंवा जास्त माणसं चालतात, फक्त एका वेळी अकरापेक्षा जास्त फील्डिंगला उभी राहू शकत नाहीत. म्हणजे तेरा आले तर तेराही बॅटिंग करतील, दोघं आळीपाळीने बाहेर बसतील, कायद्यात पूर्ण बसतं. आयपीएलने 2023 मध्ये इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे मॅचच्या मध्येच बदलून घेता येणारा बारावा खेळाडू, आणला तेव्हा आमची पोरं केवढी चर्चा करत होती. अरे, आपण हे वर्षानुवर्षं करत आलोय, फक्त त्याला नाव नव्हतं.

रिटायर होण्याचंही तसंच. दुखापत नसताना कुणी स्वतःहून बाहेर आला तर समोरच्या कर्णधाराच्या संमतीने तो परत बॅटिंग करू शकतो, नाहीतर "रिटायर्ड आउट" लिहिला जातो. ही संमती टॉसच्या वेळी देऊन टाका. पस्तीस झाले की बाहेर, सगळ्यांची बॅटिंग झाल्यावर ओव्हर उरल्या तर परत आत. चांगल्या बॅट्समनचं यात काहीही जात नाही. उलट शेवटी परत येऊन मॅच काढून द्यायची वेळ त्याच्यावरच येते, आणि ते त्याला आवडतंही. गुडघे गेलेल्या ज्येष्ठांना रनर, म्हणजे त्यांच्या बदली धावणारा, द्या. आयसीसीने 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून रनर काढून टाकला, म्हणून आपल्याकडेही लोक "आता रनर नसतो" म्हणून हुज्जत घालतात. नियमपुस्तकात तो अजून आहे, आणि खेळताना झालेल्या दुखापतीपुरताच आहे हे मलाही माहीत आहे. पण पंचावन्नच्या माणसाच्या गुडघ्याला पहिल्याच रनमध्ये काहीतरी होतंच, तेवढं आपण धरून चालू.

अंपायरिंगवर जास्त लिहीत नाही, लिहिलं तर पत्र संपायचं नाही. फ्रेंडलीत अंपायर बॅटिंग करणाऱ्या संघाचा असतो. त्याचा मित्र स्ट्राइकवर आणि पुढचा नंबर त्याचा स्वतःचा. त्याच्याकडून न्याय मागणं म्हणजे जरा जास्तच. म्हणून बरेच क्लब "एलबी नाही", म्हणजे पायचीत द्यायचंच नाही, असं ठरवून टाकतात. मला ते आवडत नाही, कारण मग पॅड हीच दुसरी बॅट होते आणि त्या लेगस्पिनर पोराने करायचं काय? एलबी ठेवा, स्पष्ट असेल तेव्हाच द्या. लेगसाइडच्या वाइडचंही टॉसलाच बोलून घ्या. लेगला जरा गेला की वाइड हा टीव्हीवरच्या मर्यादित षटकांचा जादा नियम आहे, मूळ नियम इतका कडक नाही. आणि अंपायरने चुकीचा आउट दिला तर फील्डिंगच्या कर्णधाराला अपील मागे घेता येतं, अंपायरच्या संमतीने, पुढचा बॉल सुरू व्हायच्या आत. 1980 मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत आपला कर्णधार विश्वनाथने इंग्लंडच्या बॉब टेलरला असाच परत बोलावला. टेलर आणि बोथमने 171 ची भागीदारी केली, भारत दहा विकेटनी हरला. विश्वनाथला त्यावरून आजही कुणी नावं ठेवत नाही. तुमच्या रविवारच्या मॅचला तर पेपरवालेही नसतात.

शनिवार रात्रीचा मेसेज हा मात्र माझा खरा राग आहे. साडेदहा-अकराला फोन वाजतो. "सॉरी काकू, तीन जण कमी पडतायत, उद्या जमणार नाही." इथे मैदान मिळवायला काय काय करावं लागतं हे तुम्हाला माहीत आहे. घणसोलीची क्रीडासंकुलाची जागा बिल्डरला आणि संकुल माणगावला, असा घाट घातला गेला होता. उच्च न्यायालयाने 2024 मध्ये तो रद्द केला तेव्हा आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर पेढे वाटले गेले. मैदानांवर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल, ते वेगळ्या लोकांना. पण जे मैदान हातात आहे ते रविवारी सकाळी रिकामं ठेवायचं, तेही तीन माणसं कमी म्हणून? आठ जण घेऊन या. दोन फील्डर आम्ही देऊ, आमच्यातला बॅटिंगची वाट बघत बसलेला कुणीही आनंदाने धावेल. तोच पहिला नियम, कमी माणसांनाही चालतो. आठ जणांत तर प्रत्येकाला बॅटिंग आणि बहुतेकांना बोलिंग मिळते. यंदाच्या माझ्या आवडत्या दोन-तीन मॅच अशा तुटपुंज्या संघांच्याच आहेत.

खरं कारण बरेचदा वेगळंच असतं हेही मला कळतं. तीन जण कमी पडलेले नसतात, पाहुणे मिळालेले नसतात. आमच्याविरुद्ध घरच्या अकरांना घेऊन हरायचं नसतं. तर बाबांनो, हरा. आम्ही यंदा जिंकलो त्यापेक्षा जास्त मॅच हरलो आहोत आणि त्यामुळे आमच्याकडचा एकही माणूस क्लब सोडून गेलेला नाही. सोडून जातात ते बॅटिंग न मिळणारे. ते भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत. पुढच्या रविवारी "घरी पाहुणे आलेत" म्हणतात, त्याच्या पुढच्या रविवारी ग्रुपवर उत्तर देत नाहीत, आणि मग एक दिवस ग्रुपमधून बाहेर पडलेले असतात. नोंदवही ठेवणाऱ्याला हे आधी दिसतं. ज्याच्या नावापुढे सलग काही पानं कोरी जातात, त्याचं नाव पुढच्या मोसमात नसतं. मग कर्णधार मला विचारतो, "काकू, माणसं का मिळत नाहीत हो?" आणि पाहुणे शोधायला लागतो.

आणखी एक, उन्हाचं. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मोकळ्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला भर दुपारी बसलेल्या माणसांपैकी कितीतरी उष्माघाताने गेली. ती जागा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तरीही एप्रिल-मेमध्ये साडेअकराचा स्लॉट स्वस्त पडतो म्हणून मॅच मागणारे क्लब आहेत. आम्ही देणार नाही. होळीनंतर आमची मॅच पावणेसातला सुरू होईल, वीस ओव्हरची, दर पाच ओव्हरला पाणी, आणि साडेदहाला जिथे असेल तिथे बंद. त्यात परतीचा मेगाब्लॉकही चुकतो. ठाण्याहून येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता कामाचं. नवा मोसम परतीचा पाऊस थांबला की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला. तारखा मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायला घेईन. यंदा तारीख देण्याआधी मी प्रत्येक कर्णधाराला तीन गोष्टी विचारणार आहे. क्लबाबाहेरचे किती जण खेळणार? दोनपर्यंत चालतील, पण त्यांनी आठव्या नंबरच्या खाली यायचं आणि नव्या बॉलला हात लावायचा नाही. पस्तीसला रिटायर मान्य आहे का? आणि माणसं कमी पडली तरी येणार का? तिन्हींना "हो" असेल तर तारीख पक्की. "बघू" म्हणालात तर मी पुढच्याला फोन लावीन. कुणी रागावू नका. आमच्या कर्णधारालाही मी हेच विचारलंय. त्याने तिसऱ्याला लगेच हो म्हटलं, दुसऱ्याला जरा घसा खाकरून.

बॉल आमचा, मॅटिंग आमचं, फक्की आमची. पण मॅट ताणायला आणि खिळे ठोकायला दोन्ही संघांची दोन-दोन माणसं साडेसहाला लागतील. सैल मॅटवर बॉल कसा वागतो ते मार्चमध्ये तुम्ही बघितलंय. मैदानाचे पैसे निम्मे-निम्मे, शुक्रवारपर्यंत. चहा ज्यांचं मैदान त्यांच्याकडे. आणि जर्सीवर ज्याचं नाव आहे तोच माणूस जर्सीत असावा, निदान माझ्या चोपडीसाठी.

मॅच संपल्यावर दोन्ही कर्णधारांनी माझ्या टेबलाशी यायचं, सही करायची. सही करताना बॅटिंगचं पान वरपासून खालपर्यंत एकदा बघायचं, बोलिंगचंही. मी काही बोलणार नाही.

आपली,
स्कोअरवाल्या काकू
ऐरोली

ता. क. – फेब्रुवारीतल्या कुठल्यातरी मॅचनंतर उजव्या हाताचा एक बॅटिंग ग्लोव्ह आमच्या किटमध्ये आला आहे. आतल्या बाजूला बॉलपेनने "एस" लिहिलंय. ज्याचा असेल त्याने मागून घ्यावा. आणि आमचा डाव्या हाताचा एक कुणाकडे तरी गेला आहे.